बेचाळीस खिडक्यांची बाग

बाईंनी मला आयुष्यात एकदाही माझ्या नावाने हाक मारली नाही. मी सटाण्याची, म्हणून मी 'सटाणा'. गणिताचे सर पेठचे, ते 'पेठ'. शाळेचे शिपाईमामा वणीचे, ते 'वणी'. संध्याकाळी शाळा सुटली की जिन्याच्या टोकावरून खणखणीत आवाज यायचा, "वणी, कुलूप बघा. पेठ, छत्री विसरलात. सटाणा, चल घरी." नव्या माणसाला वाटावं, एसटी स्टँडवर गाड्या सुटताहेत. गणिताचे सर पन्नाशीचे, तोंडाने फटकळ, मुख्याध्यापिकांनाही न जुमानणारे. पण बाईंनी 'पेठ' म्हटलं की मुकाट्याने मागे फिरून छत्री घेऊन यायचे.

नाशिकरोडच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या. उंच, काळ्यासावळ्या, पाठीत ताठ. गळ्यात मोजपट्टी. ही मोजपट्टी रविवारीसुद्धा गळ्यात असायची. मी एकदा न राहवून विचारलं, की घरात कशाला हो ही? तर म्हणाल्या, मंगळसूत्र उतरवल्यापासून गळा रिकामा बरा वाटत नाही. घ्या. त्यांचे यजमान लग्नानंतर सहाव्या वर्षी गेले. मूलबाळ नव्हतं. यजमानांची एकच वस्तू बाईंनी ठेवली होती, त्यांचा दाढीचा ब्रश, आणि तो त्या पर्समध्ये घेऊन हिंडायच्या. एकदा बँकेच्या रांगेत रुमाल काढताना तो खाली पडला. मागचा माणूस ब्रशकडे बघतो, बाईंकडे बघतो. बाईंनी शांतपणे ब्रश उचलला, फुंकर मारली आणि त्याला म्हणाल्या, "झाडाचा आहे." तो बिचारा रांग सोडून गेला. पण ते खरंच होतं. ब्रश झाडाचा होता, आणि त्या झाडाचीच ही गोष्ट आहे.

त्याआधी बाईंची एक खोड सांगते. त्या माणसाची पारख कापडावरून करायच्या. मुख्याध्यापिका म्हणजे टेरिलीन, चुरगळत नाहीत पण हवाही खेळत नाही. गणिताचे सर खादी, खळ उतरली की गरीब. मी नवी नवी नोकरीला लागले, मराठी घेऊन बी.ए. झालेली, डोक्यात बरीच हवा. पहिल्याच आठवड्यात बाईंनी माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि निकाल दिला, "मांजरपाट." म्हणजे जाडंभरडं, स्वस्तातलं कापड! मला असा राग आला म्हणून सांगू. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी डबा खाताना त्या सहज म्हणाल्या, पहिल्या धुण्याला आटशील, पण नंतर वर्षानुवर्षं टिकशील. आणि त्याच दमात त्यांच्या घराची पुढची खोली रिकामी असल्याचं सांगून टाकलं. भाडं परवडणारं होतं, शाळा चालत दहा मिनिटांवर. मी ट्रंक घेऊन राहायला गेले. आणीबाणीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

कॉलनीतलं साधंसुधं घर. ओळीने तीन खोल्या, पुढची माझी, मागच्या दोन बाईंच्या. फळीवर बुद्धाची पितळी मूर्ती, तिच्यापुढे रोज एक ताजं फूल. शिवणयंत्र खिडकीशी. आणि त्या खिडकीच्या कट्ट्यावर, बाहेरच्या बाजूला, छज्ज्याखाली, वनस्पती तुपाच्या मोठ्या डब्यात ते झाड.

हातभर उंच. दांडे जाड, आणि पानं अशी की बघितल्याबरोबर हात पुढे व्हावा. जाडजूड, लांबट, राखाडी-पांढऱ्या लवेने भरलेली. कॉलनीतली पोरं त्याला सशाचे कान म्हणायची. मी पहिल्या दिवशी बोट फिरवून म्हटलं, अगदी मखमल आहे हो. बाईंना ते इतकं लागलं, की त्यांनी पेटीतून मखमलीचा तुकडा आणि फलालीनचा तुकडा काढला, माझे डोळे मिटायला लावले आणि माझं बोट आधी या तुकड्यावर, मग त्या तुकड्यावर, मग पानावर फिरवलं. फलालीनच होतं. मखमल एका बाजूला झोपते, म्हणाल्या, ही लव कुठे झोपत नाही. मग त्यांनी पानाची कड दाखवली. कडेने बारीक तपकिरी ठिपके, एकसारख्या अंतरावर, जणू कुणी घोंगडीची कड दोऱ्याने शिवून घेतली आहे. बाई म्हणाल्या, एवढे सारखे टाके मी पंचवीस वर्षांत एकाही मुलीकडून घालून घेऊ शकले नाही. त्या झाडाला त्या 'फलालीन' म्हणायच्या.

ते आलं कसं, तेही ऐका. देवळालीच्या एका बंगल्यात बाई पडदे शिवायला गेल्या होत्या. तिथल्या माळ्याच्या हातून कुंडी पडली, आणि तुटलेलं एक पान बाईंनी कापड म्हणून, हो, कापड म्हणूनच, उचलून टाचण्यांच्या डबीत टाकलं. घरी आल्यावर विसरल्या. पंधरा-वीस दिवसांनी टाचणी हवी म्हणून डबी उघडली, तर पानाच्या बुडाला केसासारखी मुळं फुटलेली. ना माती, ना पाणी. बाई म्हणायच्या, सटाणा, ज्याला विसरलं की जगतं असं मी आयुष्यात हेच एक पाहिलं. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा पाणी, थंडीत एकदा, पावसाळ्यात थेंब नाही. पानाला तेलाचा हात लावायचा नाही. धूळ बसली तर कोरड्या ब्रशने, मुळापासून टोकाकडे. बाई रविवारी सकाळी खुर्ची ओढून बसायच्या आणि यजमानांच्या ब्रशने एकेक पान झाडायच्या. तेव्हा घरात कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही.

आता प्रदर्शनाचं. शहरात एका बागप्रेमी मंडळाचं दरवर्षी जानेवारीत प्रदर्शन भरायचं. गंगापूर रोडकडचे बंगलेवाले गुलाब आणायचे, टांग्यातून, टेम्पोतून, बरोबर माळी. बाईंनी वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली. 'जाड पानांची शोभेची झाडे' असाही एक वर्ग होता. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून मी एक इच्छा ऐकली. हे झाड चार माणसांत मांडायचं होतं त्यांना. मग काय, रविवारी आम्ही दोघी डबा मांडीवर घेऊन सिटी बसने गेलो. बाईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. झाड असं दिसत होतं की कंडक्टरनेही एक पान चोरून चाचपलं.

टेबलाशी अर्ज भरायचा होता. नाव, पत्ता, आणि तिसरा रकाना, 'बागेचे क्षेत्रफळ (चौरस फूट)'. बाईंनी तिथे पेन थांबवलं. मंडळाचे चिटणीस समोरच बसले होते, मोठे गुलाबवाले, तीन वर्षं उत्कृष्ट बागेचा चषक त्यांच्याकडेच. बाईंनी विचारलं, बाग नाही, खिडकी आहे, काय लिहू? ते माणूस म्हणून वाईट नव्हते, खोटं कशाला बोलू, पण त्यांनी पत्ता वाचला, तुपाचा डबा पाहिला आणि हसून म्हणाले, "बाई, हे बागांचं प्रदर्शन आहे. खिडकीतल्या डब्यांचं नाही." आणि अर्ज परत दिला. मागे रांगेत दोघं-तिघं हसले.

मी तावातावाने काहीतरी बोलायला गेले तर बाईंनी माझं मनगट धरलं. अर्जाची नीट चौघडी केली, पर्समधल्या कात्रीच्या म्यानात घातली, आणि डबा उचलून निघाल्या. घरी येऊन झाड कट्ट्यावर ठेवल्यावर एवढंच म्हणाल्या, "सटाणा, तो रकाना मी भरणार." पंचवीस वर्षं ज्या बाईने कुणाकडे काही मागितलं नाही तिला खिडकी म्हणून हसले होते लोक. त्या दिवसापासून त्या झाडाला आणखी जपू लागल्या. पुढच्या वर्षी ते असं भरायचं, की चिटणिसांना नाही म्हणताच येऊ नये.

आणि मग श्रावणात माझी आई आली.

गुडघ्यांसाठी पंचवटीतल्या एका वैद्यांकडे पंधरा दिवस तेल लावून घ्यायचं होतं. मी आईला पत्रात घरमालकीणबाई चांगल्या आहेत एवढंच लिहिलं होतं, बौद्ध आहेत हे लिहिलं नव्हतं. का नव्हतं लिहिलं? भ्याले म्हणून. आम्ही सटाण्याकडचे कांदेवाले शेतकरी, आई जुन्या वळणाची. ती आली, फळीवरची मूर्ती पाहिली, आणि पदर सावरून माझ्या खोलीत येऊन बसली. बाईंनी चहा पुढे केला. आई म्हणाली, उपास आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा, पुन्हा उपास. श्रावण होता, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. तिसऱ्या दिवशी बाई कपबशी हातात धरून, अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "आई, उपासाला चहा चालतो." आईने पदराचं टोक चाळवलं आणि वर पाहिलं नाही. मला जमीन दुभंगावी असं झालं. बाईंनी तो चहा स्वतः पिऊन टाकला. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

चौथ्या दिवशी बाईंना पुण्याला जावं लागलं, शिवणशिक्षिकांच्या शिबिराला, बारा दिवस. निघताना मला खिडकीशी उभं केलं आणि झाडाची जबाबदारी दिली. जबाबदारी काय, तर काहीही करायचं नाही. पाणी नको, ऊन-सावली नको, ब्रश नको. बघायचंसुद्धा नाही. विसरून जायचं. मी म्हटलं, हे मला जमेल. आणि अगदी खरं सांगते, इतक्या मनापासून मी कुठलीच आज्ञा पाळली नसेल. बारा दिवस मी त्या खिडकीकडे फिरकले नाही.

आई मात्र रोज फिरकत होती. आंघोळ झाली की ओल्या पायांनी तांब्याभर पाणी घेऊन अंगणातल्या झाडाला घालायचं, ही तिची आयुष्याची सवय. इथे अंगण नाही, तुळस नाही. होतं ते एक झाड, पावसात असूनही छज्ज्यामुळे कोरडं ठणठणीत, मालकीण परगावी. बरं, त्या घरचं चहापाणी तर तिच्या घशाखाली उतरत नव्हतं, मग त्या घराला आपण काहीतरी द्यावं, असं तिच्या मनात आलं. हे तिने मला खूप वर्षांनी सांगितलं. पहाटे, मी उठायच्या आत, रोज एक तांब्या.

बाई आल्या त्या संध्याकाळी. चपला न काढता खिडकीशी गेल्या. एका पानाला हात लावला, तर ते पान हातातच आलं. दुसरं आलं. मग त्यांनी दांडा चिमटीत धरला, आणि तो पिकल्या केळ्यासारखा दबला. बुडापासून काळा पडला होता. आई कौतुकाने पुढे झाली आणि सांगू लागली, की तुमचं झाड अगदी सुकून चाललं होतं, मी होते म्हणून बरं, एक दिवस चुकवला नाही.

बाईंनी विचारलं, "रोज?"

आई म्हणाली, रोज.

"मोठा तांब्या की छोटा?"

आई म्हणाली, मोठा. आणि मग तिला बाईंच्या हातातली पानं दिसली, माझा चेहरा दिसला, आणि तिला कळलं. ती तिथेच खाली बसली. गुडघ्यांचं दुखणं विसरून, मांडी घालून, तोंडाला पदर लावून रडायला लागली. माझा दोष होता सगळा. मी बाईंना म्हटलं, मला बोला, तिला नका बोलू. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. प्रदर्शनाचं वर्ष गेलं, सात वर्षांचं झाड गेलं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग म्हणाल्या, "सटाणा, कात्री आण."

त्यांनी झाड जमिनीवर आडवं घातलं आणि वरची, अजून घट्ट असलेली पानं एकेक करून बुडाशी काढली. एकोणपन्नास निघाली. मग त्यांनी घाई केली. बाई एरवी कधी घाई करत नसत. एका थाळ्यात ओली वाळू भरून त्या लगोलग ती पानं खोचायला निघाल्या. आणि रडता रडता माझ्या आईने त्यांचा हात धरला. सलग तीन दिवस जिने त्या हातची कपबशी घेतली नव्हती तिने.

"बाई, असं नका करू," ती म्हणाली. "हाई तं कांदानामायकच शे. मान वाळाले जोयजे, नईतं सडी जास."

बाईंना अर्धंच कळलं, तेव्हा मी सांगितलं. आमच्याकडे कांदा काढला की लगेच साठवणीच्या चाळीत भरत नाहीत. पात कापतात आणि मान वाळेपर्यंत सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवतात. मान ओली असताना भरला की कांदा सडतो, आणि शेजारचे चार घेऊन सडतो. आई म्हणत होती, या पानाचंही तेच. जिथून तोडलं ती जागा आधी सुकू द्या.

बाई थाळा धरून थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "डबी," त्या म्हणाल्या. टाचण्यांच्या डबीत पंधरा दिवस कोरडं पडलेलं ते पहिलं पान. सात वर्षं बाईंना वाटत होतं, ते विसरल्यामुळे जगलं. ते मान वाळल्यामुळे जगलं होतं. शिवणाच्या बाबतीत बाईंनी कधी कुणाचा सल्ला घेतला नसेल, पण त्या क्षणी त्यांनी थाळा आईच्या पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा तसं."

आईचा गुडघा, वैद्य, तेल, सगळं बाजूला पडलं. दोन दिवसांनी जाणार होती ती दहा दिवस राहिली. माझ्या खाटेवर जुनं धोतर पसरून तिने पानं मांडली, एकाला एक न लागेल अशी. खिडकी उघडी, दार उघडं, वारा आरपार. सकाळ-संध्याकाळ पालटायची. मी जमिनीवर झोपायचे. पहिल्याच रात्रीचं आवरून झाल्यावर बाईंनी न विचारता तीन कप चहा केला आणि एक आईपुढे ठेवला. आईने कप उचलला, फुंकर मारली आणि प्याली. श्रावण संपायला अजून नऊ दिवस होते.

आई गेल्यावर बाईंनी तिचाही निकाल दिला. म्हणाल्या, तुझी आई घोंगडी. अंगाला टोचते, पण पाऊस अडवते.

सात पानं गेली. बेचाळीस जगली. दसऱ्याला मुळं दिसली, दिवाळीत प्रत्येकाच्या बुडाशी नखाएवढं बाळरोप आलं, तेही लव घेऊनच. त्या जानेवारीत प्रदर्शनाला जायचा प्रश्नच नव्हता. आता अडचण अशी, की बाईंना खिडकी एक, कट्ट्यावर मावणार फार तर तीन डबे. मग बाईंनी वाटायचं ठरवलं. पण फुकट मिळतंय म्हणून कुणालाही द्यायच्या त्या थोड्याच. आधी परीक्षा. तुम्हाला विसरायला जमतं का? रोज आंघोळीनंतर पाणी घालायची सवय आहे का? भाजीवाल्या मावशींनी प्रामाणिकपणे सांगितलं, सवय आहे आणि ती मरेपर्यंत सुटणार नाही. बाईंनी विचार केला आणि त्यांना दोन डबे दिले. एकात रोप, दुसऱ्यात नुसती माती. "पुण्य या दुसऱ्या डब्यात घाला," म्हणाल्या. ही युक्ती इतकी लागू पडली, की नंतर प्रत्येकालाच जोडी मिळायला लागली. पुण्याच्या डब्यांत कुणाची मेथी उगवली, कुणाचा झेंडू. पेठच्या सरांच्या डब्यात एक मिरचीचं झाड आलं, ते ती मिरची रोज डब्याबरोबर आणून सगळ्यांना दाखवून खायचे.

आणि दर रविवारी बाईंची फेरी. गळ्यात मोजपट्टी, पर्समध्ये ब्रश. शिपाईमामांची खिडकी, टपाल वाटणाऱ्या पोस्टमनची खिडकी, रेल्वेतल्या कारकुनांची, नर्सबाईंची, आठवीतल्या मुलींच्या घरच्या. डोळे मिटून पान चाचपायचं आणि निकाल, हे उपाशी, हे जेवलेलं, हे जास्त जेवलेलं. जास्त जेवलेलं निघालं की त्या घरच्यांना असा दम मिळायचा, की पुढच्या रविवारी ते घराला कुलूप लावून बाहेर जायचे. एक रोप आईकडे सटाण्याला गेलं. मला वाटलं होतं बाई देणार नाहीत. त्यांनी बेचाळिसांतलं सगळ्यात चांगलं निवडून दिलं.

दीड वर्षाने, पुढच्या जानेवारीत, बाईंनी कात्रीच्या म्यानातून तो जुना अर्ज काढला. चौघडीच्या रेषांवर झिजला होता. तिसऱ्या रकान्यात त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं. मला दाखवलं नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी टेबलाशी तेच चिटणीस. त्यांनी बाईंना ओळखलं नाही, अर्ज ओळखला असावा, कारण पत्त्यावर त्यांची नजर थबकली. वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बेचाळीस खिडक्या? बाई, खिडकी हे क्षेत्रफळ होत नाही."

"मोजून आणलंय," बाई म्हणाल्या, आणि गळ्यातल्या मोजपट्टीवर हात ठेवला. "मागे यादी आहे, इंचांत. खिडक्या घरीच आहेत. पण खिडकीवाले आणलेत."

चिटणिसांनी मान वर केली. बाईंच्या मागे मी, माझ्या मागे पेठचे सर, त्यांच्या मागे शिपाईमामा, मग भाजीवाल्या मावशी, नर्सबाई, पोस्टमन, इस्त्रीचा गणवेश घातलेल्या मुली, फाटकापर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात डबा. तुपाचा, बिस्किटांचा, रॉकेलचा कापून केलेला. आणि प्रत्येक डब्यात वीतभर उंच, राखाडी, तपकिरी टाक्यांच्या कडेचं तेच झाड. सगळ्यात शेवटी माझी आई. पहाटेच्या एसटीने सटाण्याहून आली होती, डबा मांडीवर, पान दुमडू नये म्हणून सगळ्या रस्त्याने पदर धरून. यावेळी मागे रांगेत हसणारं कुणी नव्हतं, कारण मागे सगळे आम्हीच होतो.

नियमात 'बाग एकाच जागी असावी' असं कुठे लिहिलं नव्हतं. चिटणिसांनी नियमांचा कागद दोनदा वाचला आणि जागा दिली. टेबल पुरेना, तेव्हा मांडवाच्या एका अख्ख्या बाजूने जमिनीवर डबे मांडले. बाई गुडघ्यांवर बसून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बेचाळीस झाडांवरून यजमानांचा ब्रश फिरवत गेल्या.

परीक्षक म्हणजे शेतकी कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक. वाकून पान पाहिलं, भिंग लावलं, मग भाजीवाल्या मावशींना विचारलं, पाणी कधी घालता? मावशी म्हणाल्या, आठवत नाही. पोस्टमनला विचारलं. आठवत नाही. नर्सबाईंना. आठवत नाही. आठवीतल्या मुलींनी तर एका सुरात सांगितलं. म्हातारे हसायला लागले, म्हणाले, चाळीस वर्षं मी हेच शिकवतोय आणि कुणाच्या गळी उतरत नाही. शेवटी ते आईपाशी आले. तिचं झाड सगळ्यांत भरदार होतं.

"माले चांगलं आठवस," आई ताठ उभी राहून म्हणाली. "मी रोज टाकस. पन शेजारना डबामा."

उत्कृष्ट बागेचा चषक बाईंना मिळाला. जाड पानांच्या वर्गातला नव्हे, मोठा, बागेचा, चांदीचा मुलामा दिलेला, जो इतकी वर्षं गुलाबांकडे होता. नाव पुकारलं तेव्हा बेचाळीस माणसं एकदम उठली आणि मांडवात असा गलका झाला, की बाईंना वर जायला वाट मिळेना. पेठच्या सरांनी छत्रीने वाट केली. मी रडत होते, मला लाज वाटली नाही, आजही नाही. चिटणिसांनी स्वतः चषक हातात दिला, नमस्कार केला, आणि हळूच एक पान मिळेल का विचारलं. बाई म्हणाल्या, पाणी कोण घालतं तुमच्याकडे? ते म्हणाले, माळी. बाई म्हणाल्या, मग त्याला पाठवा, त्याची परीक्षा घेते. माळी खरंच आला आणि पासही झाला.

मुख्याध्यापिकांना चषक शाळेच्या काचेच्या कपाटात हवा होता. बाईंनी दिला नाही. घरी आणला, त्यात काठोकाठ माती भरली आणि कट्ट्यावर झाडाच्या शेजारी ठेवला. मी ओरडले, अहो, मुलामा जाईल. बाई म्हणाल्या, जाऊ दे, तुझी आई येणार आहे.

त्या श्रावणात आई पुन्हा आली, गुडघ्यांचं निमित्त करून. सोमवार होता. मी चूळ भरत होते, बाई शिवणयंत्राशी बसल्या होत्या. आंघोळ आटोपून आई ओल्या पायांनी खिडकीशी गेली. झाडाकडे एक नजर टाकली, हात लावला नाही. मोठा तांब्या कलता करून सगळं पाणी तिने हळूहळू त्या चांदीच्या चषकात ओतलं, नमस्कार केला आणि वळून म्हणाली,

"बाई, चहा मांडा. आज माले उपास शे."